विटकरी आकाशकंदील

आमच्या वर्तकनगरात दिवाळी जवळ आली हे दिनदर्शिकेवरून कळत नाही, समोरच्या इमारतीवरून कळते. म्हाडाच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारती आता एकेक करून पाडल्या जात आहेत आणि मान दुखेपर्यंत वर पाहावे लागेल असे मनोरे त्यांच्या जागी उठत आहेत. पण आमची ओळ अजून शाबूत आहे, आणि वसुबारसेच्या आधी दोन-चार दिवस तिच्या खिडक्याखिडक्यांतून आकाशकंदील लागू लागतात. पहिला कोणाचा, यावर मुलांच्या दरवर्षी पैजा लागतात. गेली तीन वर्षे मीही मनातल्या मनात एक पैज लावत असते. समोर दुसऱ्या मजल्यावर एक लाल कंदील लागतो; जुन्या पद्धतीचा, कागदी, खाली झिरमिळ्या सोडलेला. तो मी आधी डाव्या डोळ्याने पाहते, मग उजव्या. डाव्याने तो कुंकवासारखा लाल दिसतो. उजव्याने विटकरी. किती विटकरी, एवढीच काय ती पैज.

या सदरातून मी आपल्याशी वर्षभर भाजीवाल्याच्या हिशोबापासून विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनापर्यंत वाटेल त्या विषयावर बोलत आले. या एका विषयावर मात्र कधी बोलले नाही. संपादकांनी दिवाळीसाठी काही प्रसन्न लिहा असे बजावले होते, हा विषय कळवला तेव्हा त्यांनी जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "लिहा, पण फार रडू नका." तेव्हा रडण्याचा मजकूर असेल तेथे मी थोडक्यात आटोपते घेईन.

2022 च्या मार्चमध्ये, ऐन परीक्षांच्या हंगामात, माझा उजवा डोळा दुखू लागला. दुखणे मोठे चमत्कारिक होते. डोळा स्थिर असला की काही नाही. बुबुळ इकडचे तिकडे फिरवले की आत कोणी दोरी ओढावी तशी कळ येई. दोन दिवसांनी पुस्तकाच्या पानाच्या बरोबर मध्यावर एक करडा डाग उमटला. मी पान झटकले. चष्मा पदराने पुसला, मग साबणाने धुतला. डाग पानावर नव्हता आणि चष्म्यावरही नव्हता. मी जिथे पाहीन तिथे तो माझ्या आधी जाऊन बसत असे. वर्गात मुलांकडे पाहावे तर कान दिसत, केस दिसत, आणि चेहऱ्याच्या जागी धूर. आठवडा भरला तेव्हा उजव्या डोळ्याने मला खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगता येत होते.

चष्मेवाला म्हणाला, नंबर पूर्वीचाच आहे. नेत्रवैद्यांनी अंधाऱ्या खोलीत बसवून बॅटरीचा झोत या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, पुन्हा या डोळ्यावर, असा बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "बाई, डोळा तुमचा उत्तम आहे. बिघाड त्याच्या मागच्या तारेत आहे." तेथून माझी रवानगी मेंदूच्या डॉक्टरांकडे झाली. एमआरआयच्या नळकांड्यात पडून मी तो भयंकर ठोकाठोकीचा आवाज ऐकला. आणखी एका तपासणीत डोक्याच्या मागच्या बाजूला तारा चिकटवून मला पडद्यावरच्या काळ्यापांढऱ्या चौकटींकडे पाहात बसवले. बुद्धिबळाचा पट सारखा उलटापालटा व्हावा तशा त्या चौकटी रंग बदलत होत्या. निरोगी डोळ्याचा निरोप मेंदूच्या मागच्या भागात साधारण एक दशांश सेकंदात पोहोचतो म्हणे. माझ्या उजव्या डोळ्याचा बराच उशिरा पोहोचत होता, आणि ज्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नव्हती तो डावाही किंचित रेंगाळत होता. दहा दिवसांनी नाव कळले: मल्टिपल स्क्लेरॉसिस.

मराठी शिकवणाऱ्या बाईला रोगाचे नाव कळले की ती आधी त्याचा मराठी प्रतिशब्द शोधते. 'स्क्लेरॉसिस' म्हणजे कठीण होणे. मी 'बहुस्थानी काठिण्य' असा शब्द जुळवला आणि तो रोगापेक्षाही भयंकर वाटून सोडून दिला. प्रकार असा आहे: विजेच्या तारेवर जसे रबर असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे एक स्निग्ध आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी सेनाच कधी कधी चुकते आणि या आवरणाला शत्रू समजून ते ओरबाडू लागते. कुठे मेंदूत, कुठे पाठीच्या कण्यातल्या रज्जूत, कुठे डोळ्यामागच्या तंतूत. जखमा भरतात, पण त्या जागी घट्ट व्रण राहतात. ते व्रण पाहून पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी 1868 मध्ये या रोगाचे रीतसर वर्णन केले. बहुधा विशी ते चाळिशीत तो गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. म्हणजे नेमका मुले लहान असण्याच्या वयात. पुष्कळांच्या बाबतीत त्याची पहिली वर्दी डोळाच देतो. मी चाळिशी ओलांडल्यावर त्याच्या हाती लागले, तेव्हा याही बाबतीत मला थोडा उशीरच झाला म्हणायचा.

हा थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे विरळाच, असे पूर्वी धरून चालत. पण मुंबईत डॉ. नोशीर वाडिया यांच्यासारख्या मज्जातंतुतज्ज्ञांनी पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा जास्त आढळतो हे दाखवून दिले, आणि पुढे एमआरआयची यंत्रे गावोगाव आली तसे पारशी नसलेले आमच्यासारखेही बाहेर पडू लागले. आधी आम्ही नव्हतो असे नाही. आधी आमच्या दुखण्याला 'अशक्तपणा', 'नसा आखडल्या' किंवा 'बाईचे मन थाऱ्यावर नाही' अशी नावे असावीत.

त्या दिवसांत मला सोबत मिळाली ती एका इंग्रज उमरावाची. ऑगस्टस देस्ते हा तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू, जन्म 1794 चा. 1822 च्या डिसेंबरात तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एका जिवलगाला भेटायला गेला आणि पोहोचला तो त्याच्या अंत्यविधीला. माणसे जमलेली, म्हणून याने डोळ्यांतले पाणी आवरण्याची पराकाष्ठा केली. ते काही आवरले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची दृष्टी इतकी मंदावली, की आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली आणि उत्तरे दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागली. मग काहीही उपाय न करता डोळे आपोआप सुधारले. काही वर्षांनी पुन्हा बिघडले. हे सारे त्याने रोजनिशीत लिहून ठेवले. शार्को यांच्या कितीतरी आधीची ती रोजनिशी 1948 मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा या रोगाच्या सर्वांत जुन्या खात्रीलायक हकिगतींपैकी ती एक ठरली. राजाचा नातू आणि वर्तकनगरची मास्तरीण यांच्यात साम्य ते काय! पण आपल्याला दिसत नाही याच्या आधी त्याने आपण रडलो हे लिहिले, ते मला फार जवळचे वाटले.

उपचार म्हणून शिरेतून स्टेरॉइड दिले, पाच दिवस. डॉक्टरांनी आधीच सांगितले, "याने डोळा लवकर सुधारेल, अधिक सुधारेल असे मात्र नाही." अमेरिकेत 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने हे दाखवून दिले आहे म्हणे. पाच दिवस तोंडाला पत्र्याची चव आणि डोळ्याला डोळा नाही. रात्री दोन वाजता उठून मी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून काढले. तेवढाच घराचा फायदा झाला. दीड-दोन महिन्यांत अक्षरे परत आली. रंग पूर्णपणे परत आले नाहीत. लाल रंग तर कोणीतरी दहा वेळा धुतलेल्या साडीसारखा झाला. पुढचे झटके टाळण्यासाठी रोजची गोळी सुरू झाली, ती आजही चालू आहे. या रोगाला आळा घालणारे पहिले औषध, तेही टोचून घ्यायचे, अमेरिकेत 1993 मध्ये मंजूर झाले. त्याच्या आधीच्या बायकांनी काय केले असेल, हा विचार गोळी घेताना रोज येतो. रोग बरा होत नाही, झटके कमी होतात. पण कमी होतात हे काही थोडे नाही.

इथवर डॉक्टरांचे झाले. घरी काय सांगायचे हे मात्र कोणी चिठ्ठीवर लिहून देत नाही.

आमच्या 'ह्यां'ची रीत अशी, की संकट आले की ते बोलणे बंद करतात आणि हातोडा शोधतात. त्यांनी जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी मारली, मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांवर बोटभर उंचीची अक्षरे लिहिली, स्वयंपाकघरात लख्ख दिवा लावला, आणि बँकेत जाताना मला "जपून" एवढेच म्हणू लागले. सासूबाईंनी त्रिफळ्याच्या पाण्याची वाटी आणून ठेवली आणि दृष्ट काढली. मला हसू आले. दृष्ट लागली असेल तर ती नेमकी दृष्टीलाच लागावी, यात मराठी भाषेचा विनोद आहे. पण त्या मीठ-मोहरी उतरवत होत्या तेव्हा त्यांचा हात कापत होता, म्हणून गप्प बसले.

आणि मुलांना आम्ही खोटे सांगितले. थोरली तेव्हा सातवी संपवून आठवीत जाणार होती, धाकटा पहिलीत जाणार होता. आईच्या डोळ्यात कचरा गेला आहे. आईला चष्म्याचा त्रास होतो आहे. आई दमली आहे. धाकट्याने ऐकून घेतले. थोरलीनेही ऐकून घेतले, आणि तिने एकही प्रश्न विचारला नाही याचा मला आनंद वाटला. पंधरा-वीस वर्षे मी मुलांना शिकवते आहे, प्रश्न न विचारणारे मूल हे समजलेले मूल नसते हे वर्गात मला एका नजरेत कळते. घरी कळले नाही.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला सासूबाईंनी उठवले. त्यांच्या मते अभ्यंगस्नानाचे पाणी असे असावे, की पहिला तांब्या अंगावर घेताना माणसाने 'हरहर' म्हटलेच पाहिजे. तेल, उटणे, कढत पाणी, बरेही वाटले. कोरडी होऊन, साडी नेसून मी औक्षणाचे तबक घेतले आणि पाटापाशी आले. पाटावर दोन मुले बसलेली असणार हे मला ठाऊक होते, म्हणून ती दिसली; एरवी दिसली नसती. उजव्या डोळ्यापुढे दाट धुके, डाव्यापुढे आरशावर वाफ धरावी तसे. निरांजनाच्या दोन वाती दोन मोठे पिवळे बोळे झाल्या होत्या. मी अंदाजाने बोट पुढे केले आणि धाकट्याच्या नाकाच्या शेंड्यावर कुंकू लावले. तो खो खो हसला. "आई, नाक माझे कपाळ आहे का!" मीही हसले, गंमत केली असे दाखवले. थोरली हसली नाही. ती पाटावरून उठली, माझ्या हातातले तबक तिने अलगद काढून घेतले, भावाला ओवाळले आणि स्वतःचे कुंकू स्वतः लावून घेतले.

मी पंख्याखाली जाऊन बसले. वीसएक मिनिटांत धुके विरले. पाटाभोवतीची रांगोळी पुन्हा ठिपक्याठिपक्यांनी दिसू लागली. नवा झटका नव्हता तो. उहथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्यांनी 1890 मध्येच लिहून ठेवले आहे, की अशा रोग्यांची दृष्टी श्रम केले की तात्पुरती मंदावते. खरे कारण शरीराची वाढलेली उष्णता, हे पुढे ध्यानात आले. आवरण खरवडलेल्या तारेला अर्ध्या अंशाची उष्णताही सोसत नाही; अंग निवले की ती पूर्ववत होते. एमआरआय येण्यापूर्वी तर डॉक्टर संशयित रोग्याला मुद्दाम कढत पाण्यात बसवून दृष्टी जाते का हे पाहात. म्हणजे आमच्या सासूबाईंनी त्या पहाटे एक जुनी वैद्यकीय परीक्षाच घेतली, आणि मी तीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

ही विनोदाची बाजू झाली. त्याच संध्याकाळी मी पणत्या लावायला गॅलरीत गेले, तर थोरली तिथे उभी. समोर तो लाल कंदील. तिने उजव्या तळव्याने उजवा डोळा झाकला आणि कंदिलाकडे पाहिले. मग डाव्या तळव्याने डावा झाकला आणि पाहिले. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. ही माझी परीक्षा होती. मी ती रोज करत होते, आणि कोणी पाहात नाही अशा समजुतीने करत होते.

"काय करतेस गं?"

"काही नाही."

मी पणत्यांचे ताट खाली ठेवले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दोन्हीकडून सारखाच लाल दिसतो का ते बघते. रोज बघते. कंदील नसला की लाल पेनाचे टोपण बघते. मला पण होणार का?"

तिने माझी फाइल एप्रिलमध्येच वाचली होती. नावावरून फोनवर शोधले होते, आणि चाकाच्या खुर्च्यांची छायाचित्रे पाहिली होती. सात महिने ती पोर रोज रात्री पेनाचे टोपण पाहून झोपत होती, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून कचरा, चष्मा आणि दमणे या तिन्ही गोष्टींवर विश्वास ठेवल्यासारखे दाखवत होती. आम्ही तिला फसवत नव्हतो. ती आम्हाला सांभाळत होती.

त्या रात्री मी देस्तेसारखी पराकाष्ठा केली नाही, त्याचा काही उपयोग होत नाही हे त्याने लिहूनच ठेवले होते. गॅलरीतल्या फरशीवर बसून आम्ही दोघींनी यथेच्छ रडून घेतले. मग मी तिला सारे सांगितले. हा रोग कोणाला लागत नाही. आईला असला तर मुलांना धोका थोडा वाढतो हे खरे आहे, ते मी लपवले नाही. पण बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही तितकेच खरे आहे. चाकाची खुर्ची काहींना लागते, अनेकांना लागत नाही. मला लागेल का हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. "म्हणजे माहीत नाही," ती म्हणाली. मी म्हटले, "हो, माहीत नाही." मला वाटले ती आणखी घाबरेल. ती उलट जरा सैल झाली. आईने पहिल्यांदाच खरे उत्तर दिले होते. दुसऱ्या दिवशी धाकट्याला तिनेच सांगितले, तिच्या पद्धतीने: "आईचे एम.ए. आधीच झाले होते, आता एम.एस. झाले." हा विनोद आता आमच्या घरात इतका जुना झाला आहे, की पाहुणे हसले की आम्हाला नवल वाटते. धाकट्याने मात्र एक गंभीर शंका काढली, "आई गांधारी होणार का?" मी म्हटले, गांधारीने डोळे बांधून घेतले होते, मी तर डोळे फाडून बघते आहे. त्याचे समाधान झाले. माझे झाले नाही. शंभर मुलांपैकी एकाचेही तोंड न पाहता तिने त्यांना कसे वाढवले असेल, हे मी वर्गात इतकी वर्षे शिकवले आणि एकदाही थांबून विचार केला नव्हता.

सगळे सांगून टाकल्यावर घरात शांतता नांदू लागली असे वाटत असेल तर तसे नाही. धाकटा चेंडू टाकतो आणि मला तो झेलता येत नाही. दोन डोळ्यांचे निरोप मागेपुढे पोहोचले, की हलणारी वस्तू असते त्याहून जवळ किंवा दूर भासते. सरळ झुलणारा लंबक गोल फिरतो असे वाटते. पुल्फरिश या जर्मन शास्त्रज्ञाने 1922 मध्ये याचे कारण सांगितले, आणि गंमत अशी की त्याचा स्वतःचा एक डोळा अधू असल्यामुळे त्याला हा चमत्कार कधीच दिसला नाही. मला तो कॅडबरी नाक्यावर रस्ता ओलांडताना दिवसातून दोनदा दिसतो. रिक्षा दूर आहे म्हणावे तर ती पदराला घासून जाते. एकदा धाकट्याचा हात धरून मी मध्येच उभी राहिले. पुढे जाता येईना, मागे येता येईना, भोवती भोंग्यांचा कल्लोळ. पलीकडे पोहोचल्यावर त्याचा काहीही अपराध नसताना मी त्याला इतकी रागावले, की रस्त्यावरची माणसे थांबली. भीती रागाचे कपडे घालून येते हे मी कथांच्या संदर्भात कितीदा फळ्यावर लिहिले असेल. सहा वर्षांच्या मुलाला ते कळण्याचे कारण नव्हते. आता रस्ता ओलांडताना तो "आत्ता" म्हणतो आणि मी पाऊल टाकते.

थोरलीचे कोडे याहून अवघड. ती आई होऊ लागली. शाळेची सहल आली, तिने परस्पर नको म्हणून कळवले. मैत्रिणीकडे जायचे, तर आधी माझ्या गोळीची वेळ पाहणार. शेजारणी कौतुकाने म्हणाल्या, "किती गुणाची पोर!" मला ते कौतुक टोचत असे. एके दिवशी मी तिला म्हटले, "मला मुलगी हवी आहे, नर्स नको." ती दुखावली, आठवडाभर बोलली नाही. शब्द चुकलाच होता. माझ्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईने अधिक बरा शोधायला हवा होता. पण त्या आठवड्यात ती दोनदा उशिरा घरी आली, एकदा तर न सांगता, आणि 'हे' रागावू लागले तेव्हा मी त्यांना खूण करून गप्प केले. आता ती अकरावीत आहे. खोलीत पसारा घालते, उलट उत्तरे देते. देव करो आणि असेच चालू राहो.

महाविद्यालयात निराळी तऱ्हा. "दिसतेस तर किती छान!" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यावर आता मी "मी छान दिसते, मला छान दिसत नाही" असे व्याकरणशुद्ध उत्तर देते. न दिसणारे दुखणे हे लोकांना खोटे वाटते. त्यातून ते सकाळी बरे आणि दुपारी उकाड्यात वाईट असे असले तर अधिकच. मे महिन्यातल्या दुपारच्या पर्यवेक्षणातून सवलत मागितली, तर एका वरिष्ठांनी "उन्हाचा त्रास आम्हालाही होतो" असे ऐकवले. 2016 च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात 21 अपंगत्वे मोजली आहेत आणि त्यांत या रोगाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, हे मी त्यांना सांगितले. अर्ज मंजूर झाला. चहा मात्र बरेच दिवस वेगवेगळा झाला. उलट उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत आली तेव्हा सगळे सहकारी कुरकुरत होते, आणि मी एकटी मनातून खूश होते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते! विद्यार्थ्यांचे अक्षर मोठे केल्याने सुधारत नाही, एवढेच.

एक चांगली गोष्ट उशिरा केली. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून आहे आणि तिचे काम मुंबईतूनच चालते; मी मात्र तिकडे वळायला वर्ष घालवले. आपल्याहून वाईट स्थितीतली माणसे पाहवणार नाहीत, ही भीती. पहिल्याच भेटीत एक बाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी मला विचारले, "पोळी फुगलेली तुम्हाला दिसते का हो?" मी म्हटले, "नाही, वासावरून कळते." "अगदी! मलाही वासावरूनच!" त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर एवढ्या डॉक्टरांच्या दारांत बसले होते असे मला वाटले.

सासूबाईंचे सांगायचे राहिले. "कोमट पाण्याने का कुठे अभ्यंग होते?" हा त्यांचा प्रश्न दोन दिवाळ्या टिकला. मी वाद घातला नाही. मला त्यांचाही मुद्दा पटत होता. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे उठले, तर न्हाणीघरात दोन घंगाळी. एकातून वाफा निघत होत्या. दुसऱ्यात सासूबाई कोपर बुडवून उभ्या होत्या, तान्ह्या बाळाचे पाणी बघतात तशा. "हे तुझे," त्या म्हणाल्या. "हरहर मनातल्या मनात म्हण."

आंघोळ झाली. डोळे होते तसेच राहिले, म्हणजे उजवा विटकरी आणि डावा बरा. बाहेर अजून अंधार होता. दारापाशी तुळशीजवळ कारीट ठेवले होते. हिरवे, एवढेसे, आणि फरशीही काळसर. मी पायाने चाचपत राहिले. मुले शेजारी उभी होती. थोरलीने वाकून ते माझ्या पायाखाली सरकवायला हात पुढे केला आणि मग काय वाटले कोण जाणे, हात मागे घेतला.

"आई, डावा पाय," धाकटा म्हणाला. "थोडा पुढे. अजून. अजून जरासा. आत्ता!"

मी अंगठा दाबला. कारीट फट्दिशी फुटले आणि बिया सगळ्यांच्या पायांवर उडाल्या. रीतीप्रमाणे मी बोट जिभेला लावले.

"कडू आहे का?" त्याने विचारले.

"कडूजहर," मी म्हटले, आणि त्याच्या जिभेलाही लावले.